रक्तातील मेद : कागदावरचा कोणता आकडा वाचायचा?



रक्ततपासणीचा कागद घरी आला की बहुतेक घरांत तो एकाच पद्धतीने वाचला जातो. नजर थेट ‘टोटल कोलेस्टेरॉल’ या ओळीवर जाते. तिथे २०० च्या आतला आकडा दिसला की कागदाची घडी होते आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांवर मूठभर जास्तीची शेव पडते. २०० च्या वर दिसला की आठ दिवस घरात तूप बंद, नवव्या दिवशी पुन्हा सुरू. नववी-दहावीच्या वर्गात आपण हृदयाची आकृती काढून भागांना नावे द्यायला शिकवतो. हा कागद कसा वाचावा हे मात्र शिकवत नाही. म्हणून या अंकातला विज्ञान विभागाचा पाठ त्या कागदावर. यातले गणित बेरीज-वजाबाकी आणि भागाकारापुरतेच आहे. अर्थ मात्र मोठ्यांनीही समजून घ्यावा असा आहे, आणि आमच्या मते तो मुलांनीच घरी समजावून सांगावा.

आधी थोडे मुळातले. कोलेस्टेरॉल हा शब्द ग्रीक आहे. ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिओस’ म्हणजे घन. हा मेणासारखा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो पित्ताशयातल्या खड्यांत, म्हणून हे नाव. तो काही विष नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो लागतो, पित्त आणि काही संप्रेरके त्यापासूनच बनतात, उन्हात त्वचेखाली तयार होणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाचे मूळही तिथेच. शरीराला लागणारे बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. दुसरा मेद म्हणजे ट्रायग्लिसराइड. हा आपला इंधनाचा साठा. तेल, तूप, लोणी हे बहुतांशी ट्रायग्लिसराइडच आणि पोटावरचा घेर म्हणजेही तेच.

आता अडचण अशी की मेद पाण्यात विरघळत नाही. ताक घुसळताना लोणी वर तरंगते हे आजीजवळ बसलेल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. रक्ताचा द्रवभाग म्हणजे मुख्यतः पाणी. मग हा मेद रक्तातून न्यायचा कसा? शरीराने त्यासाठी बारीक गोळ्या बनवल्या आहेत. आत मेद आणि बाहेर प्रथिनांचे वेष्टण. यांना मेदप्रथिने म्हणतात. त्यांतल्या दोघांची नावे आपल्या कागदावर असतात. एलडीएल यकृताकडून आलेले कोलेस्टेरॉल शरीरभर घेऊन हिंडते. एचडीएल पेशींजवळचे जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेते. म्हणून पहिले ‘वाईट’ आणि दुसरे ‘चांगले’ अशी नावे पडली. नावे लहान मुलांना सोपी पडतात, पण थोडी फसवीही आहेत, त्याबद्दल पुढे.

हृदय अष्टौप्रहर रक्त पंप करते, पण त्याच्या स्नायूला स्वतःला लागणारे रक्त त्याच्या अंगावरून जाणाऱ्या धमन्यांतूनच मिळते. डॉक्टर त्यांना करोनरी धमन्या म्हणतात. मुख्य धमन्यांची आतली रुंदी अवघी तीन-चार मिलिमीटर. रक्तात एलडीएलचे कण फार झाले की ते धमनीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात आणि तिथे अडकतात. त्यांना खाऊन टाकायला पांढऱ्या रक्तपेशी येतात आणि मेद खाऊन खाऊन स्वतःच फुगून फेसासारख्या दिसू लागतात. अशा पेशींचा पिवळसर पट्टा तयार होतो. वर्षानुवर्षे त्यात भर पडून त्याचा थर होतो आणि थरावर एक पातळ टोपण चढते. एके दिवशी ते टोपण फाटते, आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद. यालाच आपण हार्ट अ‍ॅटॅक म्हणतो. म्हणजे घाला अचानक पडतो, पण तयारी वीस-तीस-चाळीस वर्षांची असते.

ही तयारी किती लवकर सुरू होते याचा धक्का वैद्यकशास्त्राला १९५३ साली बसला. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासली गेली. त्यांचे सरासरी वय होते २२. धडधाकट, निवडून घेतलेली मुले. तरीही त्यांतल्या ७७ टक्के जणांच्या करोनरी धमन्यांत हा रोग कमी-अधिक प्रमाणात दिसला. पुढे १९७३ पासून अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात बोगालुसा या गावी शाळकरी मुलांचाच अभ्यास सुरू झाला आणि बालपणीचे वजन, रक्तदाब व रक्तातला मेद यांचा धमन्यांशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे एखाद्या पालकाला वाटले असेल तर त्याचे उत्तर इथे आहे.

मेदावर आरोप प्रथम केव्हा आला? १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. त्यांच्या धमन्यांत थर जमले. नुसते तेल खाल्लेल्या सशांत जमले नाहीत. पण ससा हा गवत खाणारा प्राणी, त्यावरून माणसाचे काय ठरवणार, असे म्हणून लोकांनी ते बरीच वर्षे बाजूला ठेवले. माणसाचा पुरावा अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावाने दिला. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. १९६१ मध्ये त्या अभ्यासकांनी ‘जोखीम-घटक’ हा शब्द रूढ केला. वाढलेले कोलेस्टेरॉल, वाढलेला रक्तदाब, पुढे सिगारेट आणि मधुमेह, अशी यादी तिथून तयार झाली. जोखीम-घटक म्हणजे शिक्षा नव्हे. घाटात वेगाने गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला अपघात होत नाही, पण विमा कंपनी त्याचा हप्ता वाढवते ती उगीच नाही.

आता कागद उघडू या. सर्व आकडे एक डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅममध्ये असतात. धडधाकट माणसासाठी ढोबळ अपेक्षा अशी: एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत, एलडीएल १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल मात्र कमीत कमी किती हवे ते पाहायचे, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या वर. ज्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला त्यांच्यासाठी एलडीएलची मर्यादा फार खाली येते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत अशा रुग्णांसाठी ती ५५ च्या खाली आहे. तेव्हा ‘शेजारच्या काकांचे ९५ आहे, त्यांना डॉक्टर गोळी का देतात?’ हा प्रश्न काकांचा पूर्वेतिहास जाणल्याशिवाय विचारू नये.

फळ्यावर दोन कागद मांडू.

पहिला कागद : एकूण १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४०.
दुसरा कागद : एकूण २०५, एचडीएल ६५, ट्रायग्लिसराइड ८०.

घरोघरीच्या पद्धतीने पहिला पास आणि दुसरा नापास. आता गणित करू. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलडीएल काढण्याचे सूत्र दिले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करा. पहिल्याचे १९० उणे ३२ उणे ४८, म्हणजे ११०. दुसऱ्याचे २०५ उणे ६५ उणे १६, म्हणजे १२४. अजूनही पहिलाच बरा दिसतो! पण एक पायरी राहिली. एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा. पहिल्याचे १५८, दुसऱ्याचे १४०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण या आकड्यात येतात, एकटे एलडीएल नव्हे. ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांचे अवशेषही भिंतीत शिरतात आणि एलडीएलच्या आकड्यात ते दिसत नाहीत. नॉन-एचडीएल १३० च्या आत हवे. दोघेही वर आहेत, पण पहिला जास्त वर आहे. शिवाय त्याचे ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल पडलेले. अशा रक्तात एलडीएलचे कण बहुधा लहान, दाट आणि संख्येने जास्त असतात. ११० हे वजन झाले, संख्या नव्हे. एक किलो बोरे आणि एक किलो पेरू यांत नग कोणाचे जास्त, हे मंडईत जाणाऱ्याला सांगायला नको.

आम्ही पहिला कागद मुद्दाम निवडला, कारण तो आपल्या लोकांचा नमुना आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा एक मोठा अभ्यास तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथे झाला आणि त्यातील मेदाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वाढलेले एकूण कोलेस्टेरॉल आढळले ते अवघ्या १३.९ टक्के लोकांत. वाढलेले ट्रायग्लिसराइड २९.५ टक्के आणि कमी एचडीएल ७२.३ टक्के. काही ना काही बिघाड असलेले ७९ टक्के. पुन्हा वाचावे असे हे आकडे आहेत. फक्त पहिली ओळ वाचणाऱ्या घराला शंभरातली चौदा माणसे सापडतील आणि पासष्ट निसटतील. दुसरी गोष्ट वयाची. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला आणि इतर देशांतील लोकांना जवळजवळ ५९ व्या. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे एखाद्या घरात मुलगी सातवीत असताना वडील जाणे आणि ती बारावी होईपर्यंत वडील असणे, एवढा फरक आहे.

‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलबद्दल राहिलेले सांगतो. एचडीएल कमी असणे हे जोखमीचे लक्षण आहे, हे खरे. पण औषधाने ते वाढवून झटके टळतील ही आशा फोल ठरली. अशा एका औषधाची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. एचडीएल कमी असते ते बहुधा पोटाचा घेर, बैठे काम, तंबाखू आणि चढलेले ट्रायग्लिसराइड यांच्या संगतीने. उपाय तिथे करायचा.

आता पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. काही घरांत कोलेस्टेरॉल खाण्याने नव्हे तर जन्माने चढलेले असते. एलडीएलचे कण रक्तातून उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर खास ग्राही रेणू असतात. टेक्सासमधील डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात ते शोधले आणि १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. या रेणूचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष आले तर ग्राही निम्मेच काम करतात आणि एलडीएल लहानपणापासून दुप्पट राहते. सुमारे २५० माणसांत एकाला हा दोष असतो. आपल्या शाळेएवढ्या कोणत्याही शाळेत दोन-चार मुले अशी असू शकतात आणि ती खेळात, अभ्यासात इतरांसारखीच असतात. दोष दोन्हीकडून आला तर स्थिती भीषण होते. अशी एक सहा वर्षांची मुलगी टेक्सासमध्ये होती. तिचे कोलेस्टेरॉल हजाराच्या वर आणि हृदय निकामी. १९८४ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्ग इथे तिच्यावर हृदय आणि यकृत दोन्हींचे एकदम रोपण झाले. नव्या यकृताबरोबर चांगले ग्राही आले आणि कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरले. खाणे-पिणे नव्हे, यकृतच खरा कारभारी आहे, हे याहून स्पष्ट कोण दाखवणार? ती मुलगी आणखी सहा वर्षे जगली.

सौम्य प्रकाराला इतके काही लागत नाही. एक तपासणी आणि वेळेवर सुरू केलेली गोळी पुरते. पण तपासणी करायची कोणाची, हे ठाऊक हवे. घरात वडील, काका, मामा, मोठा भाऊ यांना ५५ च्या आत किंवा आई, आत्या, मावशी, बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल. कोणाचे एलडीएल औषधाशिवाय १९० च्या वर असेल. टाचेच्या मागच्या शिरेवर गाठीसारखी जाडी किंवा पापण्यांवर पिवळे चट्टे असतील, तर त्या घरातल्या मुलांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. दोष असलेल्या पालकाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. इतरांनी पहिली तपासणी १८ व्या वर्षी करावी, असे २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आणि त्यासाठी उपाशीपोटी जाणे आता आवश्यक मानले जात नाही. आपल्याकडे एखाद्याचे वडील तरुणपणी गेले की ‘देवाची मर्जी’ म्हणून तो विषय मुलांसमोर काढत नाहीत. दुःख झाकावे, पण वय आणि कारण झाकू नये. ते मुलाच्या फाइलीत लिहिलेले असावे.

गोळीविषयी. टोकियोतल्या एका औषध कंपनीत अकिरा एंडो हजारो बुरश्या तपासत होते आणि १९७३ मध्ये तांदळावर सापडलेल्या एका निळसर बुरशीत यकृताचे कोलेस्टेरॉल-उत्पादन रोखणारा पदार्थ त्यांना मिळाला. त्या जातीची औषधे म्हणजे स्टॅटिन. पहिले १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले आणि वाद बराचसा मिटला. आकडा खाली आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणारे आजोबा जवळजवळ प्रत्येक वाड्यात आहेत. आकडा गोळीने खाली आलेला असतो. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगावे, ते मात्रा किंवा औषध बदलून देतात.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसले कोलेस्टेरॉल?’ हे वाक्य आम्ही पालकसभेत अनेकदा ऐकले आहे. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसते हे अगदी खरे. म्हणूनच तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापणे म्हणजे केळ्यावर ‘हाडे नसलेले’ असे लिहिण्यासारखे आहे. यकृत मात्र आपला कारखाना खाल्लेल्या मेदाच्या जातीप्रमाणे चालवते. संपृक्त मेद जास्त खाल्ला की एलडीएल उचलणारे ग्राही कमी होतात. खोबरेल तेलात संपृक्त मेद सुमारे ९० टक्के, तुपात साठाच्या वर, पामतेलात निम्मा आणि शेंगदाणा तेलात पाचव्या हिश्श्याहून कमी. वरणभातावर चमचाभर तूप घ्यावे, त्याला आमचा विरोध नाही. त्याच ताटात पामतेलातली शेव, मैद्याची खारी आणि वर जिलबी असेल तर हिशेब बिघडतो. साखर, मैदा आणि मद्य हे ट्रायग्लिसराइड चढवतात, त्यात तेलाचा थेंब नसला तरी. इंदूरच्या सराफ्यातली रात्र वर्षातून चार वेळा बरी, आठवड्यातून चार वेळा नव्हे. उलट बाजूला रोजची पाऊण तासाची चाल, उसळी, भाज्या, मूठभर शेंगदाणे आणि आपल्याच माळव्यात नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल. त्यातला विरघळणारा चोथा एलडीएल थोडे खाली आणतो.

शेवटी विश्वस्त मंडळासाठी चार ओळी, कारण हे मुलांच्या हातात नाही. वनस्पती तूप व तत्सम मेदांतील ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. तळणाचे तेल किती वेळा वापरावे यालाही जुलै २०१८ पासून नियम आहे. त्यातील बिघडलेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते टाकून द्यायचे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला हुसकावून लावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याचेही घर त्यावर चालते. पण आपल्या उपाहारगृहातील कढईतले तेल कधी बदलले जाते, याची वही ठेवता येईल, आणि समोशाशेजारी भिजवलेले हरभरे व फळे ठेवता येतील. संमेलनाच्या वेळी रक्ततपासणीचे शिबिर घेतलेच तर कागदावर नॉन-एचडीएल छापून देण्याची विनंती प्रयोगशाळेला करावी. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, ती केवळ वजाबाकी आहे.

आणि आता नववी-दहावीसाठी घरचा अभ्यास. तिसरा कागद : एकूण २३६, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ४६०. नॉन-एचडीएल काढा. फ्रीडवाल्ड यांचे सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या आत असेल तरच चालते, तेव्हा एलडीएलची ओळ रिकामी सोडावी लागेल. या माणसाला डॉक्टर पुढची तपासणी कोणती आणि कशी करायला सांगतील, ते दोन वाक्यांत लिहा. उत्तर पुढील अंकात.